जुन्या कम्प्युटरवर लिनक्स मिंट: आधी डी ड्राइव्ह, मग बाकी सगळं

आमच्या घरचा कम्प्युटर २०१२ सालचा. भावाच्या एमएस-सीआयटीच्या वेळी बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून घेतला होता. ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, वर विंडोज ७. पाच-सहा वर्षं बरा चालला. मग इतका रेंगाळायला लागला की बटण दाबून चहा ठेवायचा आणि चहा पिऊन झाल्यावर माउस हलवून बघायचा. शेवटी आईनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं. आमच्या घरात एखाद्या वस्तूवर क्रोशाचं झाकण पडलं की तिची नोकरी संपली असं समजायचं.

मागच्या उन्हाळ्यात मी तो पुन्हा खोलून बसले तेव्हा शेजारचे काका दारातून म्हणाले, "कायले वो डोकं खपवून राह्यली त्याच्यात? भंगारवाल्याले देऊन टाक."

दिला नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची मोफत सिस्टिम टाकली. आज बाबा त्याच्यावर सातबारा काढतात, पुतणी अभ्यासाचे व्हिडिओ पाहते आणि बचत गटाचा हिशोब त्याच्यावरच राहतो. त्यानंतर गावातले आणखी काही कम्प्युटर मी असेच चालते केले. त्यात एक मोठी चूकही केली, ती पुढे सांगते. ज्यानं हे काम कधीच केलं नाही, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

कम्प्युटर का बसला

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. खेड्यातल्या घरांत पडून असलेल्या बहुतेक कम्प्युटरांत या दोन्ही गोष्टी नाहीत. म्हणजे मशीन धडधाकट असूनही पुढचा रस्ता बंद.

लिनक्स हा दुसरा रस्ता. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला. तो कोणीही फुकट वापरावा, उघडून पाहावा, बदलून पुढे द्यावा, अशी त्याची परवानगीच आहे. तालुक्याच्या दुकानात 'क्रॅक' विंडोज टाकून देतात, त्या फुकटात आणि या फुकटात हा फरक आहे. इथं चोरी काहीच नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, म्हणजे तुम्ही तो आधीपासून वापरताच. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये पोरं कम्प्युटर शिकतात तेही लिनक्सवरच.

लिनक्सचे प्रकार मात्र पुष्कळ, आणि नवा माणूस तिथंच गोंधळतो. मी एकच सांगते: लिनक्स मिंट घ्या. खालच्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं. त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यात तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन, २ जीबी असेल तर एक्सएफसीई.

२ जीबीबद्दल खरं सांगायचं तर सिस्टिम हलकी होते, पण इंटरनेटचा ब्राउझर हलका होत नाही. एका वेळी दोन-तीन टॅब, त्यापुढे तो धापा टाकायला लागतो. जुन्या रॅमची एखादी पट्टी कुठं मिळाली तर टाकून घ्या.

मिंट फक्त ६४ बिटच्या प्रोसेसरवर चालतं. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे जवळपास सगळे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिटचेच आहेत, जरी त्यांच्यावर विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असलं तरी. त्याहून जुनं, फक्त ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन १२ चा ३२ बिट इन्स्टॉलर आहे. पण त्यावर फार आशा ठेवू नका.

कोणी हे करू नये

एका कागदावर लिहा की घरात या कम्प्युटरवर नेमकं काय काय काम होतं. हा कागद इन्स्टॉलपेक्षा महत्त्वाचा आहे.

सातबारा पाहणं, महाडीबीटीचा अर्ज, निकाल, यूट्यूब, ईमेल, व्हॉट्सअॅप वेब ही ब्राउझरमधली कामं लिनक्सवर तशीच होतात. पत्रं, अर्ज, हिशोबाचे तक्ते यांच्यासाठी लिब्रेऑफिस मिंटसोबतच येतं आणि वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतं. गुंतागुंतीचा तक्ता कधी थोडा सरकतो, साधा अर्ज सरकत नाही.

पण त्या कम्प्युटरवर सेवा केंद्र चालत असेल, अंगठ्याचं मशीन लागत असेल, डिजिटल सहीचं टोकन खोचावं लागत असेल, टॅली असेल, श्रीलिपी असेल, किंवा घरात कोणी सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत असेल, तर त्याला हात लावू नका. त्यातलं काही जुगाड करून चालवता येतं असं सांगणारे भेटतील. ऐन अर्जाच्या शेवटच्या तारखेला ते जुगाड रुसतं, आणि शिव्या तुम्हाला पडतात.

प्रिंटरही कागदावर लिहा, मॉडेलसकट. एचपीचे बरेच प्रिंटर लावल्याबरोबर ओळखले जातात, एप्सनचे टाकीवाले एल मालिकेतलेही सहसा चालतात. झेरॉक्सच्या दुकानांत सगळीकडे दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर मागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही.

डी ड्राइव्ह

आता ती चूक. आपल्याकडे दुकानदार कम्प्युटर देताना एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देतात आणि बजावतात, "सगळं डीमध्ये ठेवा, विंडोज उडालं तरी डी राहते." हे विंडोजपुरतं खरं आहे. मीही तेच डोक्यात धरून आतेभावाच्या कम्प्युटरवर बसले, 'इरेज डिस्क' असं लिहिलेला पर्याय निवडला आणि मनाशी म्हटलं, सी पुसली जाईल, डी वेगळीच आहे. 'डिस्क' म्हणजे अख्खी डिस्क. सी, डी, ई सगळं एकाच फटक्यात गेलं, आणि डीमध्ये त्याच्या लग्नाचे फोटो होते.

फोटोरेक नावाच्या मोफत टूलनं त्यातले बरेच परत निघाले, पण फायलींची नावं गेली आणि क्रमही गेला. हळद, वरात, पंगत सगळं एकात एक. वहिनी अजूनही मला चहा देताना त्याची एकदा आठवण करून देते. (चुकून असं झालंच, तर त्या डिस्कवर पुढे एकही फाइल टाकू नका. जितकं लिहाल तितकं मागचं कायमचं बुजतं.)

म्हणून डेस्कटॉप, 'माय डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', डी, ई, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कम्प्युटरला लावून चार-पाच फायली उघडून बघा. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड वहीत उतरवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं असतील तर विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइलही उचला. ती नसली तर नंतर पत्र उघडेल, पण सगळी अक्षरं किडामुंगी दिसतील. हे सगळं होईपर्यंत पुढचं वाचू नका.

खोका उघडा

कम्प्युटर मंद होण्याचं अर्धं कारण कधीकधी धूळ असते. वायर काढून, बाजूचं पत्र्याचं झाकण उघडून मऊ ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं धूळ उडवा. हे अंगणात करा. प्रोसेसरवरच्या पंख्यात नमद्यासारखा थर बसलेला असतो. आमच्या खोक्यात वाळलेली पालही निघाली.

रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलके घासा आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. सुरू करताना नुसता टूं-टूं आवाज आणि स्क्रीन काळी, हा आजार पुष्कळदा एवढ्यानंच जातो.

मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कम्प्युटरचा तो हमखास मेलेला असतो. मग दर वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून अडवतो. अपडेटही होत नाहीत. लोक नेटवाल्याला फोन लावत बसतात. घड्याळाच्या दुकानात हा सेल सहज मिळतो.

आणि थोडे पैसे घालायची तयारी असेल तर ते एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी लावली की फरक डोळ्यांना दिसतो. लिनक्सनं जेवढा वेग मिळतो त्याहून जास्त यानं मिळतो, हे लिनक्सची भक्त असूनही मी कबूल करते. शिवाय जुनी डिस्क तशीच्या तशी काढून कपाटात ठेवता येते, मग डी ड्राइव्हची भीतीच उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक खबरदारी: कूलरच्या समोर कम्प्युटर ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की मशीनलाही गार हवा द्यावीशी वाटते, पण कूलरच्या हवेत ओल असते, आणि ती आत जाऊन कनेक्शन गंजवते. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा.

तीन जीबी आणायचे कुठून

मिंटची फाइल साधारण तीन जीबीची असते. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर ती एका दिवसात उतरत नाही. लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवर टॉरेंटचा, म्हणजे तुकड्यातुकड्यानं फाइल उतरवायचा पर्याय आहे, तो घ्या. लाइन गेली, रेंज गेली, पॅक संपला, तरी जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. नाहीतर तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे त्याच्याकडून पेनड्राइव्हवर आणा. पण कोणीतरी पुढे पाठवलेल्या अनोळखी लिंकवरून घेऊ नका.

फाइल पूर्ण आणि खरी आहे का ते तपासता येतं. साइटवर तिचा एसएचए २५६ नावाचा लांबलचक क्रमांक दिलेला असतो. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम टाकला की फाइलवर उजवं बटण दाबून तोच क्रमांक काढता येतो. दोन्ही क्रमांक जुळले पाहिजेत. तुटक नेटवर उतरवलेल्या फाइलसाठी ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

आता ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. रुफस नावाचं छोटं मोफत टूल उतरवा. विंडोज ७ वर त्याची नवी आवृत्ती चालत नाही, ३.२२ ही शेवटची चालते. त्यात वर पेनड्राइव्ह निवडा, खाली मिंटची फाइल निवडा, 'पार्टिशन स्कीम' जुन्या मशीनसाठी 'एमबीआर' ठेवा आणि 'स्टार्ट' दाबा. मध्येच आयएसओ की डीडी असं विचारलं तर आयएसओ. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर काहीच होत नाही, पहिल्या वेळी सगळे तेच करतात.

आधी नुसतं चालवून बघा

पेनड्राइव्ह खोचून कम्प्युटर सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूची, म्हणजे कम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, जोडून घेतलेल्या मशीनमध्ये गिगाबाइटचा बोर्ड असेल तर एफ १२, एसुसचा असेल तर एफ ८, इंटेलचा असेल तर एफ १०. यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसलं की एंटर. मेन्यूच्या पुढे स्क्रीन काळीच राहिली तर परत सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. तो पेनड्राइव्हवरून चालतो आहे, हार्डडिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. इथं घाई करू नका. आवाज येतो का, स्क्रीनवर अक्षरं नीट दिसतात का, प्रिंटर ओळखला जातो का, तो कागद समोर ठेवून एकेक बघा. हळू चालतं आहे म्हणून नाराज होऊ नका, पेनड्राइव्हवरून ते हळूच चालणार.

नेटसाठी सोपी युक्ती आहे. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतंच. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं कम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. दोन-चार सेकंदांत नेट सुरू, कुठला ड्रायव्हर नाही, काही नाही. पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "हे तं आपल्या मोटरच्या स्टार्टरपेक्षा सोपं हाय."

मी तर सांगेन, आठवडाभर असंच पेनड्राइव्हवरून वापरा. बंद केलं की त्यातलं सगळं विसरलं जातं, पण घरच्यांना ते जमतं का हे कळतं. ज्या घरात आठवडाभरात कुरकुर झाली, तिथं मी पुढे गेले नाही.

इन्स्टॉल

यातलं खरं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. लाइनचं वेळापत्रक बघून बसा. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर उत्तम, आणि त्या वेळात घरातली मोटर, मिक्सर बंद.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चित्र आहे, त्यावर दोनदा क्लिक. भाषेच्या यादीत मराठी आहे, पण भाषांतर अर्धवट असल्यानं एका वाक्यात मराठी आणि पुढच्यात इंग्रजी असं होतं. अडलं तर नेटवर उत्तरं इंग्रजी नावांनीच सापडतात, म्हणून मी इंग्रजी ठेवते. मल्टिमीडिया कोडेकची चौकट मात्र टिकमार्क करा, नाहीतर काही गाणी आणि व्हिडिओ वाजणार नाहीत.

मग तो प्रश्न येतो, डिस्कचं काय करायचं. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं असेल तर 'अलाँगसाइड' असं लिहिलेला पर्याय. त्यात डिस्कची जागा सरकवली जाते, आणि सरकवताना लाइन गेली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी त्याआधी विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप' बंद करावा. सगळं पुसून नुसतं मिंट हवं असेल तर 'इरेज डिस्क'. हा शब्द आता तुम्हाला माहीत आहे. बाहेरची हार्डडिस्क खोचलेली असेल तर ती आधी काढून ठेवा, म्हणजे चुकीची डिस्क निवडायचा प्रश्नच नाही.

पुढे टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड. पासवर्ड पुढे वारंवार लागणार आहे. तो घरातल्या दोघांना तरी पाठ असावा.

पहिला आठवडा

नेट जोडून 'अपडेट मॅनेजर' उघडा. पहिली अपडेट काहीशे एमबीची असते, पॅक शिल्लक असलेल्या दिवशी करा. मग 'टाइमशिफ्ट' नावाचं टूल चालू करा. ते सिस्टिमचा फोटो काढून ठेवतं, आणि नंतर काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. तुमच्या फायलींची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती वेगळी घ्यायची.

मराठी टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट' जोडा, यादीत मराठी इनस्क्रिप्ट मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आठ-दहा दिवस बोटं अडखळतात, मग बसतात. ज्यांना मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सवय आहे त्यांनी 'इनपुट मेथड'मधून आयबस आणि त्याचा एम १७ एन हा भाग टाकावा.

सगळ्यात जास्त चिडचिड सेटअपच्या फायलींवरून होते. विंडोजची सवय असलेला पाहुणा पेनड्राइव्हवर एखादी एक्सई फाइल घेऊन येतो, ती उघडत नाही, आणि तो म्हणतो, "हे काही कामाचं नाही." इथं प्रोग्राम 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून घ्यायचे, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखे. तिथं नसेल ते शक्यतो टाकायचंच नाही.

त्याच पाहुण्याला एक गंमत दाखवा. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डर गायब आणि नुसते शॉर्टकट दिसतात, तो व्हायरस सगळ्यांनी पाहिलेला आहे. मिंटमध्ये तो पेनड्राइव्ह लावला की लपवलेले खरे फोल्डर बहुधा समोरच दिसतात. ते कॉपी करून घ्यायचे आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायचा.

मिंटचा तो ८ जीबीचा पेनड्राइव्ह मात्र पुसू नका. त्याला दोरा बांधून, चिठ्ठी लावून ठेवा. कोणाचं विंडोज सुरूच होईना झालं तर त्यावरून कम्प्युटर चालू करून फोटो आणि कागदपत्रं काढता येतात. आमचा पेनड्राइव्ह पोळ्याच्या दिवशी आतेभाऊ मागून घेऊन गेला, अजून आला नाही.